कार्ब्युरेटरची कुळकथा

श्रोतेहो, मोटार हें वाहन आतां आपल्या इतकें परिचयाचें झालें आहे कीं, तिच्या पोटांत काय चालतें याचें कुतूहल आपल्याला फारसें उरलेलें नाहीं. पेट्रोल घालावें, किल्ली फिरवावी आणि चालूं लागावें, एवढ्यावर आपला व्यवहार भागतो. परंतु ज्यांच्या घरीं एखादी जुनी गाडी आहे, आणि तीहि धांवण्याच्या हौसेनें बनविलेली, जिला स्पोर्ट्‌स कार म्हणतात अशी, त्यांना एवढ्यावर भागवितां येत नाहीं. तिच्या स्वभावाशीं जुळवून घ्यावें लागतें. आणि तो स्वभाव बव्हंशीं एका लहानशा धातूच्या उपकरणांत दडलेला असतो. त्या उपकरणाचें नांव कार्ब्युरेटर. आज त्याचीच कुळकथा सांगण्याचें मीं योजिलें आहे. ही कथा मला पुस्तकांतून कळली हें खरें. पण ती जाणून घेण्याची बुद्धि मात्र केळापूरच्या रस्त्यावर झाली, म्हणून प्रारंभ तेथूनच करतों.

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर हें गांव तेथील जगदंबेच्या देवळामुळें प्रसिद्ध आहे. तालुक्याला नांव केळापूरचें आणि कचेऱ्या मात्र शेजारच्या पांढरकवड्यांत, अशी तेथील व्यवस्था आहे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग या भागांतून जातो; पुढें पाटणबोरी मागें टाकली कीं पैनगंगा येते आणि तिच्या पलीकडे तेलंगण लागतें. नागपूरपासून हें अंतर सुमारें दीडशें किलोमीटर. दोन्ही बाजूंस कपाशीची काळी जमीन. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि दुपारीं पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. अशाच एका दुपारीं माझी गाडी केळापुराजवळ येऊन थांबली आणि कांहीं केल्या पुढें सरकेना.

गाडी एम. जी. जातीची, टी. सी. या नमुन्याची. इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन या गांवीं १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन लहान, १,२५० घन सेंटिमीटरचें. शक्ति ५४ अश्वांची. परंतु गाडी हलकी असल्यामुळें तेवढी शक्ति तिला पुरे होते. या इंजिनाला कारखान्यानें एस. यू. बनावटीचे सव्वा इंची दोन कार्ब्युरेटर जोडून दिले होते. माझ्याकडे गाडी आली तेव्हां ती जोडी जागेवर नव्हती. पूर्वीच्या एका मालकानें ती काढून टाकून, भलत्याच गाडीचा एक मोठा कार्ब्युरेटर लोखंडी नळीला वितळजोड देऊन बसविला होता. गाडी सुरू होत असे, शहरांत दोनचार मैल चालतहि असे. त्यामुळें मीहि तिकडे दुर्लक्ष केलें होतें.

महामार्गाच्या कडेला एका कडुलिंबाखालीं ट्रॅक्टर व मोटारसायकली दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री बसले होते. त्यांनीं बॉनेट उघडलें, पेट्रोलच्या पंपावर व कार्ब्युरेटरवर ओलें फडकें टाकलें आणि मला तासभर सावलींत बसविलें. मग त्या लोखंडी नळीवरून बोट फिरवीत ते म्हणाले, “भाऊ, नाक दुसऱ्याचं बसवलं, तं हे श्वास कसा घेईन?”

या एका वाक्यांत माझ्या गाडीचें सारें निदान होतें. तें कसें, हें समजण्यासाठीं आपल्याला थोडें मागें जावें लागेल.

पेट्रोल द्रवरूपांत असतां इंजिनाच्या कामाचें नाहीं. त्याचें धुकें व्हावें लागतें, तें हवेंत मिसळावें लागतें, आणि तेंहि ठराविक प्रमाणांत. एक भार पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ भार हवा लागते. आकारमानानें बोलावयाचें तर एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारें नऊ हजार लिटर हवा! जोर हवा असेल तर हवा थोडी कमी, म्हणजे साडेबारा-तेरा भार. पण यापासून फार दूर गेलें कीं इंजिन तक्रार करूं लागतें. पेट्रोल जास्त झालें तर मिश्रण गाढें होतें. धूर येतो, प्लगवर काजळी धरते. पेट्रोल कमी पडलें तर मिश्रण विरळ होतें. इंजिन मिस मारूं लागतें, तापतें, आणि हट्टानें तसेंच पळविलें तर एक्झॉस्टच्या झडपा जळतात. तेव्हां इंजिन हळू चालो कीं जलद, उष्ण असो कीं थंड, दर क्षणाला हें प्रमाण संभाळणें हें कार्ब्युरेटरचें कर्तव्य होय.

या कर्तव्याचें शास्त्र मोटारीपेक्षां पुष्कळच जुनें आहे. वाहत्या प्रवाहाची गति वाढली कीं त्याचा दाब कमी होतो, हें तत्त्व डॅनिएल बर्नूली या शास्त्रज्ञानें १७३८ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. आवळलेल्या नळींतील प्रवाहाविषयीं इटलींतील व्हेंतुरी यानें १७९७ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोघांनाहि मोटारीची कल्पना असणें शक्य नव्हतें. कार्ल बेन्झनें १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या आपल्या तीनचाकी गाडींत तर या तत्त्वाचा नीटसा उपयोगहि केला नव्हता. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्याबरोबर येईल तेवढी वाफ घ्यावी, इतकीच त्याची योजना. खरा कार्ब्युरेटर १८९३ सालीं जन्मास आला. त्या वर्षीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें, आणि हंगेरींत बांकी व चोंका या जोडीनें, स्वतंत्रपणें एकच युक्ति शोधून काढली. हवेच्या नळीचा गळा आवळावयाचा, तेथें एक बारीक छिद्र, म्हणजे जेट, ठेवावयाचें, आणि गळ्यांतून वेगानें जाणाऱ्या हवेनें त्या छिद्रांतून पेट्रोलचा फवारा ओढून घ्यावयाचा. शेजारीं एक लहानशी टांकी. तींत तरंगता फ्लोट. पेट्रोलची पातळी उतरली कीं तो खालीं येऊन वाट उघडतो, पातळी चढली कीं बंद करतो. आजहि जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर उघडून पाहिलात तर हेच अवयव आपल्याला दिसतील.

परंतु या युक्तींत एक खोड होती. हवेचा वेग जसजसा वाढतो तसतसें पेट्रोल हवेपेक्षां अधिक प्रमाणांत ओढलें जातें. म्हणून हळू चालतांना योग्य असलेलें मिश्रण वेगांत गाढें होतें. वेगाला योग्य केलें तर हळू चालतांना विरळ पडतें. या एका खोडीवर उपाय शोधण्यांत पुढचीं तीसचाळीस वर्षें गेलीं, आणि त्या उपायांवरूनच कार्ब्युरेटरचीं निरनिराळीं घराणीं निर्माण झालीं. पानार कारखान्याच्या आर्थर क्रेब्झनें १९०२ सालीं वेग वाढतांच आपोआप उघडणारी जादा हवेची झडप बसविली. फ्रान्समध्येंच बाव्हरे यानें दोन जेटें जोडलीं. एकाचें मिश्रण वेगाबरोबर गाढें होतें तर दुसऱ्याचें विरळ. दोहोंची बेरीज सारखी. तें झेनिथ घराणें. १९१० सालीं गुदार व मेनेसाँ यांनीं सोलेक्स हें नांव पुढें आणलें. बोलोन्याच्या एदुआर्दो वेबरनें १९२३ सालीं आपला कारखाना काढला, आणि त्याचे दोन गळ्यांचे कार्ब्युरेटर पुढें शर्यतीच्या गाड्यांवर झळकले.

या सर्वांपेक्षां निराळी वाट काढली ती इंग्लंडांतील स्किनर बंधूंनीं. त्यांचें घराणें जोड्यांच्या व्यापाराचें. आणि गंमत अशी कीं, त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरांत भाताहि चामड्याचाच होता. पुढें त्या भात्याच्या जागीं धातूचा पिस्टन आला. १९१० सालीं स्किनर युनियन या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन एस. यू. कंपनी स्थापन झाली व १९२६ सालीं ती मॉरिस यांच्या उद्योगांत गेली. स्किनरांचें म्हणणें असें : वेग बदलतो म्हणून मिश्रण बिघडतें ना? मग गळ्यांतील हवेचा वेगच बदलूं देऊं नये. इंजिन अधिक हवा मागूं लागलें कीं घुमटांतील पिस्टन वर उचलला जातो व गळा मोठा होतो. मागणी उतरली कीं तो खालीं येतो व गळा लहान होतो. पिस्टनच्या तळाशीं एक निमुळती सुई असते. ती जेटमध्यें उतरलेली असते. पिस्टन वर जाईल तसा सुईचा बारीक भाग जेटांत येतो व पेट्रोलला वाट मोठी मिळते. एक गळा, एक जेट, एक सुई. आणि सारें गणित त्या सुईच्या निमुळतेपणांत लिहिलेलें.

आपल्याकडे या साऱ्या घराण्यांचा संचार झाला. मुंबईच्या रस्त्यांवर हौसेची मोटार म्हटली कीं जे. आर. डी. टाटा यांच्या तरुणपणांतील निळ्या बुगाटीची आठवण निघते. ही गाडी फार वेगानें हांकल्याच्या प्रकरणीं ते वकील जॅक विकाजी यांच्याकडे गेले, तेथें त्यांची थेल्मा विकाजी यांच्याशीं ओळख झाली, आणि १९३० सालीं त्यांचा विवाह झाला. कार्ब्युरेटरच्या पदरीं असेंहि एक पुण्य जमा आहे! परंतु कार्ब्युरेटरची विद्या महाराष्ट्रांत खऱ्या अर्थानें रुजली ती श्रीमंतांच्या तबेल्यांत नव्हे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट व पुढें पद्मिनी या गाड्या निघाल्या, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असें समीकरण झालें. या टॅक्सींनीं मिस्त्र्यांच्या दोनतीन पिढ्यांना हाताशीं धरून शिकविलें. जेट फुंकून साफ करणें, फ्लोटची पातळी नुसत्या डोळ्यांनीं जोखणें, आवाजावरून मिश्रण ओळखणें, ही विद्या शाळेंत नव्हे, रस्त्याच्या कडेला वाढली.

ती विद्या आतां मावळते आहे. मोटारींतून कार्ब्युरेटर गेल्या शतकाच्या अखेरीस हटूं लागला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनहि तो जवळजवळ दिसेनासा झाला. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. आतां पेट्रोल मोजण्याचें काम विजेवर चालणारीं यंत्रें करतात, आणि तीं तें उत्तम करतात. तरुण कारागिरांनीं जुनी विद्या शिकावी तर ती कोणत्या गाडीवर? म्हणूनच कडुलिंबाखालचे ते मिस्त्री मला महत्त्वाचे वाटले.

आतां त्यांच्या निदानाकडे वळूं. माझ्या गाडीवर बसविलेला कार्ब्युरेटर सोलेक्सच्या धर्तीचा, म्हणजे कायम मापाच्या गळ्याचा होता. त्याचीं जेटें दुसऱ्याच इंजिनाच्या भुकेनुसार निवडलेलीं. शिवाय माझ्या इंजिनांत दोन तोंडांनीं हवा येण्याची व्यवस्था होती. त्या जागीं एकाच नळीतून चारहि सिलिंडरांना पुरवठा होऊं लागला. मधल्यांना मिळे तें टोकांच्यांपर्यंत पुरेसें पोहोंचत नसे. त्यांत भर उन्हाची. या इंजिनांत कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट एकाच बाजूस असल्यामुळें खालून धग लागते, आणि पेट्रोलमधील हलके अंश चाळीसएक अंशांनाच उकळूं लागतात. जुनी संरक्षक पत्र्याची आडही त्या वितळजोडाच्या वेळीं फेंकून देण्यांत आली होती. नाक दुसऱ्याचें, आणि तेंहि चुलीवर धरलेलें!

नागपुरास परतल्यावर प्रश्न उभा राहिला : आतां बसवावें काय? मित्रमंडळींनीं तीन मार्ग सुचविले. एक म्हणाला, आहे तोच ठीक करून घे. दुसरा म्हणाला, वेबरची जोडी लाव, गाडी उडेल. तिसऱ्याचें म्हणणें, एस. यू.च लाव, पण सव्वा इंचीऐवजीं दीड इंची. हा तिसरा मोह मोठा होता, म्हणून त्याचें गणित मांडून पाहिलें. सव्वा इंचापेक्षां दीड इंच हा फक्त पाव इंचानें जास्त दिसतो. परंतु गळ्याचें क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनीं वाढतें. इंजिन मात्र तेवढेंच. एम. जी. कारखान्यानेंच १९५३ सालीं निघालेल्या टी. एफ. या नमुन्यावर, त्याच १,२५० घन सेंटिमीटरच्या इंजिनाला, दीड इंची जोडी दिली होती. पण तिच्याबरोबर झडपाहि मोठ्या केल्या आणि दाबाचें प्रमाणहि वाढविलें. इतकें करून शक्ति वाढली ती तीनेक अश्वांनीं! नुसती नाकपुडी मोठी केल्यानें छाती रुंद होत नाहीं, हें कारखान्याला ठाऊक होतें. वेबरविषयीं मला आदरच आहे; परंतु त्यांत गळे, जेटें, हवेच्या पुळ्या हें सारें एकेका इंजिनासाठीं निवडून बसवावें लागतें. शर्यतींत धांवणाऱ्याला तें शोभतें. दीडशें किलोमीटर जाऊन सुखरूप परत येऊं इच्छिणाऱ्याला नव्हे.

यांत कायद्याचाहि एक धागा आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं निराळे नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनें वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यांतील अट. नियम नसता तरीहि मी हेंच म्हटलें असतें. जुनी गाडी ही आपल्या मालकीची असली तरी आपण तिचे केवळ कांहीं वर्षांचे राखणदार असतों. पूर्वीच्या मालकानें ती जोडी निदान एका पेटींत घालून गाडीबरोबर दिली असती, तर माझें वर्ष वांचलें असतें. म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माझी पहिली विनंति हीच कीं, काढलेला भाग टाकूं नका. त्याला चिठ्ठी बांधून ठेवा.

शेवटीं सव्वा इंची जुनी जोडी मिळविली. जुनी जोडी निवडतांना कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. दोन्ही कार्ब्युरेटर एकाच नमुन्याचे हवेत. प्रत्येकाचा घुमट व पिस्टन हे एकमेकांसाठीं बनविलेले असतात. यांतला त्यांत बसवूं नये. पिस्टन बोटानें उचलून सोडला कीं तो न अडकतां पडून टक् असा स्वच्छ आवाज झाला पाहिजे. थ्रॉटलच्या झडपेचा दांडा हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर तेथून चोरटी हवा शिरते, आणि मग कितीहि ट्यूनिंग केलें तरी फुकट. सुईवर अक्षरें कोरलेलीं असतात. माझ्या गाडीची नेमलेली सुई ‘ईएस’, थोडें गाढें मिश्रण देणारी ‘ईएम’ आणि विरळ देणारी ‘एपी’. सुट्या भागांची मात्र अडचण पडली नाहीं, एस. यू.चीं जेटें, सुया व सीलें इंग्लंडांत सॅलिसबरी येथें अजून तयार होतात.

सीलांचा प्रश्न गौण समजूं नये; तो जिवाशीं गांठ घालणारा आहे. या जुन्या जातींत जेटभोंवतीं बुचाच्या लांकडाचें सील असतें. आपल्या पेट्रोलमध्यें आतां इथेनॉल मिसळलेलें असतें. देशांत हें प्रमाण २०२२ सालीं दहा टक्क्यांवर पोंचलें व २०२५ सालीं वीसवर. कल्पना नवी नाहीं. मोटारीच्या इंधनांत मद्यार्क मिसळण्याविषयींचा कायदा आपल्याकडे १९४८ सालींच, म्हणजे माझी गाडी ज्या काळीं तयार होत होती त्याच काळीं, झाला होता. उसाच्या महाराष्ट्राला या धोरणाचें महत्त्व सांगावयास नको. परंतु बूच व जुनें रबर यांना हें मिश्रण मानवत नाहीं. सील झिजलें कीं पेट्रोल झिरपतें, आणि तें तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकलें तर गाडी भस्मसात होण्यास एक ठिणगी पुरे. म्हणून बुचाच्या जागीं इथेनॉलला टिकणारीं नवीं सीलें आणि तशाच नळ्या मीं बसविल्या. मूळ स्वरूप राखावें हें खरें. पण तें राखण्यासाठीं आधीं गाडी शिल्लक राहिली पाहिजे.

यानंतर ट्यूनिंग. मराठींत याला सूर जुळविणें म्हटलें तर मुळींच चूक होणार नाहीं. मैफलींत गवयामागें दोन तंबोरे असतात. मिरजेच्या कारागिराचे कितीहि उत्तम असले तरी दोहोंचा सूर एक झाल्याशिवाय रंग भरत नाहीं. दोन कार्ब्युरेटरांचें तसेंच आहे. इंजिन पुरतें गरम करावें, हवेचीं गाळणीं काढावीं, दोन्ही थ्रॉटलना जोडणारा दांडा सैल करावा. मग रबरी नळीचें एक टोक कानाशीं व दुसरें एकेका गळ्याशीं धरून आंत जाणाऱ्या हवेचा सुस्कार ऐकावा, आणि दोन्हींकडचा सारखा होईपर्यंत झडपांचे स्क्रू फिरवावे. हवा जुळल्यावर पेट्रोल जुळवावयाचें. जेटखालीं षट्‌कोनी नट असतो. तो खालीं नेला कीं मिश्रण गाढें, वर नेला कीं विरळ. पुरता वर नेऊन तेथून दोन फेरे, म्हणजे बारा पैलू, खालीं आणून प्रारंभ करावा. मग पिस्टन अगदीं किंचित, एक मिलिमीटरहूनहि कमी, उचलून पाहावा. इंजिनाचे फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण गाढें. इंजिन बंद पडूं लागलें तर विरळ. आणि क्षणभर वाढून पूर्ववत् झाले तर तें बरोबर.

येथवर पुस्तक सांगतें. परंतु पुस्तक लिहिलें गेलें तें अ‍ॅबिंग्डनच्या हवेसाठीं व त्या काळच्या पेट्रोलसाठीं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पुरतें जळण्यास सुमारें साडेतेरा भारच हवा लागते. म्हणून जुन्या मापाच्या जेटांतून मिश्रण सुमारें आठ टक्के विरळ पडतें. उलट १५ अंशांच्या हवेपेक्षां ४५ अंशांची हवा जवळजवळ एक दशांशानें हलकी असते, आणि त्यामुळें मिश्रण पांचेक टक्के गाढें होतें. म्हणजे केळापूरच्या वैशाखांतील दुपार इथेनॉलची बरीचशी उणीव आपोआप भरून काढते, आणि पौषांतली पहाट मात्र ती उघडी पाडते! मीं प्रथम नटावरच भागविलें. जागच्या जागीं इंजिन सुरेख चालूं लागलें. पण लांबच्या चढावर जोर लावून, तेथेंच इंजिन बंद करून प्लग पाहिले तर ते पांढुरके. कारण नट खालीं नेल्याचा परिणाम मंद गतींत मोठा, आणि सुई वर गेल्यावर लहान. तेव्हां ‘ईएस’ काढून ‘ईएम’ सुई घातली. प्लगवर बदामी रंग आला तेव्हां माझें समाधान झालें.

त्याच हिंवाळ्यांत नागपुरास एका थंड सकाळीं सर्व जुळवणी पुरी केली, आणि चैत्रांत केळापूरचा रस्ता धरला. या वेळीं गाडी थांबली नाहीं, मीच थांबविली. मिस्त्री कडुलिंबाखालींच होते. नवी जोडी पाहून ते खूष झाले, पण बोलले कांहीं नाहींत. पेट्रोलच्या नळीचा एक तुकडा कानाला लावून दोन्ही गळे ऐकले, पिस्टन नखभर उचलून पाहिला. फेरे वाढले आणि वाढलेलेच राहिले. त्यांनीं दोन्ही नट एकेक पैलू वर नेले. एक पैलू म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग! मी पुस्तकें धुंडाळून व आंकडेमोड करून ज्या निष्कर्षाला आलों होतों, तो त्यांच्या कानाला एका मिनिटांत सांपडला. मग म्हणाले, “भाऊ, लिहून ठेवा. उन्हाळ्यात एक वर, हिवाळ्यात एक खाली. मी काही दरसाल नाही भेटणार.”

तें मीं लिहून ठेविलें आहे. गाडीच्या खणांत एक वही आहे. तींत तारीख, गांव, अंदाजानें उष्णमान, सुईचें अक्षर आणि नटाचे पैलू यांची नोंद असते. पहिलें पान केळापूरचें आहे. कार्ब्युरेटरचा इतिहास बर्नूलीपासून सुरू होतो आणि मायबाख, स्किनर, वेबर अशा मोठमोठ्या नांवांनीं पुढें जातो, हें सर्व खरें. परंतु त्याचा शेवटचा अध्याय अशा कडुलिंबाखालीं, अशा कानांनीं आणि अशा हातांनीं चालविला आहे. त्यांपैकीं कोणी आपल्या गांवांत अजून असेल, तर श्रोतेहो, त्यांच्याकडे एकदां वही घेऊन जावें. गाडी दुरुस्त करून घ्यावी, आणि त्यांनीं नट किती पैलू फिरविला तें लिहून घ्यावें.